रंगाखाली लांबी भरलेली होती

माझा मुलगा अकरावीत आहे. दीड वर्षापासून साध्या सायकलवरच, मागच्या चाकावर तोल धरून दगडांवर उड्या मारायला शिकतोय. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. त्याला ट्रायल्सची खास सायकल हवी होती. तिची फ्रेम बुटकी असते, सीट जवळजवळ नसतेच, आणि फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारी दातेरी चकती, बहुतेक वेळा मागच्या चाकाऐवजी पुढे क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यापाशी असतं. स्पर्धेत २० आणि २६ इंची चाकं चालतात. साताऱ्यातल्या एकाही दुकानात ती मिळेना, म्हणून जुनी घ्यायचं ठरवलं.

जाहिरात पाहून फोन केला. माणूस पोवई नाक्यावर आला, संध्याकाळी सातला, अंधार पडल्यावर. "काका, स्पर्धेची सायकल आहे, नुसती उचलून बघा." एका हातात उचलली गेली. एवढी हलकी म्हणजे भारीच असणार, असं मला वाटलं. काळा रंग कोरा करकरीत होता. जुन्या सायकलला नवा रंग कशाला दिला, हे मी विचारलंच नाही. ३२ हजार रोख मोजले. पावती मागितली तर म्हणाला, "घरगुती व्यवहाराला कसली पावती?"

सतराव्या दिवशी पोरगं दीड फुटी कट्ट्यावर चढताना खाली आलं. क्रँक नडगीवर बसला, पाच टाके पडले. रात्री मी बॅटरी घेऊन सायकल पाहिली. क्रँकच्या वर, वेल्डिंगलगत रंगाचा पापुद्रा उडाला होता आणि खाली राखाडी लांबी होती. गाडीचा पत्रा चेपला की गॅरेजवाले भरतात, तीच. नखानं खरवडल्यावर चीर दिसली. तिच्या कडा काळ्या पडलेल्या होत्या. ताजी असती तर चकाकली असती.

एमआयडीसीतल्या वेल्डरनं सरळ सांगितलं, "अ‍ॅल्युमिनियम आहे साहेब. जोड देईन, पण आचेनं शेजारचा पाइप मऊ पडतो. पोरगं यावर उड्या मारणार असेल तर मी हात लावत नाही." त्याचे मी उपकार मानतो.

सायकल स्पर्धेची होती हे खरंच होतं. पण त्या फ्रेमचे पाइप वजन वाचवायला पातळ ठेवलेले असतात. शिकणारं पोर एकच उडी शंभरदा चुकतं आणि दर वेळी फ्रेम दगडावर आपटते. त्याला वजनदार, जाड पाइपची, शक्यतो क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाची फ्रेम हवी. लोहचुंबक चिकटलं तर पोलाद. क्रँकखाली दगडाचा मार झेलणारी जाड पट्टी किंवा कडं हवं. घेताना दोन्ही ब्रेक आवळून पेडलवर उभं राहा. फ्रीव्हील 'कट्' करून निसटलं तर तिथूनच परत फिरा. आणि बघायला दिवसाउजेडीच जा. हँडलखालचा आणि क्रँकजवळचा जोड बोटानं चाचपा. तिथं नवं स्टिकर किंवा ताजा रंग असेल तर खरवडू द्या म्हणा. खरवडू देत नसेल तर घेऊ नका.

विकणाऱ्याचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद आहे. पोलिसांत गेलो, पण हातात कागद नाही. मुलाच्या नडगीवर वण राहिलाय. तो पुन्हा आपल्या साध्या सायकलवर सराव करतोय.

ती फ्रेम भंगारात देणार होतो. मग वाटलं, तिथून कुणीतरी उचलेल, पुन्हा लांबी भरेल आणि दुसऱ्या पोराच्या गळ्यात मारेल. करवतीनं तिचे दोन तुकडे केले, मगच दिली.