खलाशाचं मरण कबरीत नाही, कोर्टाच्या कागदात सापडतं: 'डिजिटार्क' वापरून बघितल्यावर

घराण्यात कोणी पोर्तुगीज दर्यावर्दी होऊन गेला असेल आणि तो कुठे मेला, कुठे पुरला हे शोधायचं असेल, तर कुणाला पैसे देण्याआधी 'डिजिटार्क' बघा. लिस्बनच्या 'तोरे दो तोंबो' या राष्ट्रीय अभिलेखागाराचा हा ऑनलाइन कॅटलॉग. बघायला फुकट. माझ्या मामाने आधी वंशावळ काढून देणाऱ्या एका कंपनीला तीनशे युरो मोजले. हातात काय पडलं? आडनावाचं रंगीत कुलचिन्ह आणि 'बहुधा गोव्यात दफन' एवढं एक वाक्य. हे 'बहुधा' आम्हाला फुकटातही माहीत होतं.

आईचं माहेर पणजीचं. तिच्या घराण्यातल्या एका जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचा बाप 'विला दो कोंदचा, जहाजावरचा तांडेल' असा लिहिलाय. काळ अठराव्या शतकाच्या अखेरचा. विला दो कोंद म्हणजे पोर्तोच्या उत्तरेचं, जहाजं बांधणारं गाव. गोव्यात याच्या मरणाची नोंद नाही. आणि कबर शोधायला निघालेल्यांनी एक लक्षात घ्यावं: पोर्तुगालमध्ये सार्वजनिक कबरस्तानांचा हुकूम निघाला 1835 साली. त्याआधी माणसं बहुतेक चर्चच्या जमिनीखाली नाहीतर आवारात पुरायचे. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये पायाखाली कोरीव शिळा दिसतात, त्या मानकऱ्यांच्या. तांडेलाला कोण शिळा घालतंय!

तेव्हा सुरुवात त्याच्या गावापासून. पोर्तुगालमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सगळ्यांना लागू झाली 1911 मध्ये, त्याआधीचं सगळं पाद्र्यांच्या वह्यांत. कोणती वही कुठल्या अभिलेखागारात आहे, त्याचे दुवे 'तोंबो डॉट पीटी' या साध्याशा साइटवर जिल्हा आणि पॅरिश (एका चर्चची हद्द) यांप्रमाणे मिळतात. विला दो कोंद पोर्तो जिल्ह्यात येतं. वह्यांना नावांची सूची असेलच असं नाही, पान न् पान उलटायची तयारी ठेवा. अक्षर किरटं, नावं तोडलेली. मानुएल लिहायचं तर एक 'एम' आणि त्याच्या डोक्यावर लटकवलेलं 'ईएल', झालं! मात्र समासात नाव असतं, तेवढंच बघत खाली सरकायचं, मग वेग येतो.

खरी युक्ती अशी की तांडेलाची मृत्युनोंद शोधायचीच नाही. समुद्रात गेलेल्या माणसाची नोंद गावात कशी असणार? त्याच्या मुलांची लग्नं शोधा. बाप हयात नसेल तर पाद्री तसं लिहितो. एका मुलीच्या लग्नात बाप हयात, पुढच्या मुलीच्या वेळी मयत, म्हणजे मधल्या वर्षांत गेला. हो, मुली. विला दो कोंदला त्याचा रीतसर संसार होता. मामा म्हणाला, "हे ताईला एवढ्यात सांगू नकोस."

आता डिजिटार्कची कमाल. तिथे 'झुईझू दा इंदिया इ मिना' या न्यायालयाच्या दप्तरात परमुलखात मेलेल्यांच्या वारसांचे दावे ठेवलेत. नवऱ्याचा थकलेला पगार नि सामानाचे पैसे मागायचे, तर आपण त्याची बायको आहोत आणि तो मेलाय, हे दोन्ही तिथे साक्षीपुराव्यानं सिद्ध करावं लागे. तांडेलाच्या नावानं काही हाती लागेना. बायकोचं नाव टाकलं आणि दावा समोर! लिस्बनला परतताना आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपच्या अलीकडे तापानं गेला, प्रेत समुद्रात सोडलं, असं जहाजावरचे सोबती सांगतात. सोबत जहाजाच्या कारकुनानं केलेली त्याच्या पेटीची यादी: तीन सदरे, एक जुना कोट, मोडक्या कुलपाची पेटी, चहाचे चार पेले. सगळं जहाजावरच लिलावात गेलं. गोव्याच्या आमच्या आजीबाईंचा उल्लेख त्यात कुठेही नाही, आणि असणार तरी कसा, दावा दुसरीचा.

1755 च्या भूकंपात ज्या मनोऱ्यावरून या अभिलेखागाराला नाव पडलं तो कोसळला, तरी बरेचसे कागद ढिगाऱ्यातून काढून वाचवले. त्यामुळे त्याहून जुना पूर्वज असला तरी नाउमेद होऊ नका.

वापरणाऱ्यांसाठी: वर्णनं पोर्तुगीजमध्ये आहेत, भाषांतराच्या ॲपवर भागतं. हस्ताक्षरावर मात्र ॲप चालत नाही, तिथे जुनी लिपी वाचणारा माणूस गाठा आणि त्याला द्या पैसे, ते वसूल होतात. सगळंच स्कॅन झालेलं नाही. कॅटलॉगमध्ये नोंद आहे पण चित्र नाही असं दिसलं, तर क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्या आणि प्रत मागवा, त्याचं शुल्क पडतं. नावाची स्पेलिंगं बदलून बदलून टाका. बायकोचं नाव आधी टाका.