चावीच्या खेळाची दुरुस्ती : शहापुरातील एका घड्याळजींचे काम

मामांनी १९८२ च्या मे महिन्यात आणलेला चावीचा खेळ यंदा बेळगावच्या शहापुरातील एका घड्याळजींनी मला दुरुस्त करून दिला. हे काम इतके मन लावून केलेले आहे की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. माझे मामा मडगावचे, पेशाने तारवटी, म्हणजे खलाशी. बोटीवरून सुट्टीला आले की लोंढ्यावरून रेल्वेने बेळगावला आमच्याकडे येत आणि त्यांच्या पेटीतून आम्हा भावंडांसाठी काही ना काही निघत असे. त्या वर्षी निघाली ती तळहातात मावणारी निळी डबी. वर पारदर्शक झाकण, उजव्या कडेला चावी भरण्याचे दातेरी बटण, खाली एक छोटी कळ आणि पाठीवर कोरलेले ‘जपान’ हे एवढेच अक्षर.

चावी भरली की आतली पिवळी तबकडी कर्रर्र आवाज करीत फिरू लागे. तबकडीत पाच खळगे होते आणि कळ दाबून आठ छर्रे एकेक करून उडवायचे, फिरत्या खळग्यात जेवढे बसतील तेवढे गुण. चावी नवी असताना तबकडी वेगाने फिरे आणि छर्रे बाहेर फेकले जात. चावी उतरत आली की तिचा वेग मंदावे आणि नेम सोपा होई. म्हणून माझा भाऊ शेवटचे तीन छर्रे राखून ठेवत असे, तर मी सगळे आधीच उडवून मोकळी होत असे. आवाजाची लय बदलली की आता किती वेळ उरला हे डोळे मिटूनही समजे. सेल संपण्याची भीती नव्हती, त्यामुळे वीज गेलेल्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडातही हा खेळ चालत असे.

टोमी या जपानी कंपनीने असे खिशातले चावीचे खेळ १९७५ पासून मोठ्या प्रमाणावर काढले. तिच्या १९७७ च्या ‘ब्लिप’मध्ये तर दिव्यापुरते सेल आणि हालचालीसाठी चावी अशी जोडी होती. पुढे १९८० मध्ये निन्टेंडोचे ‘गेम अँड वॉच’ आले आणि काचेवर उमटणाऱ्या चित्रांनी दाते-चाकांची जागा घेतली. म्हणजे आमच्या घरी हा खेळ आला तेव्हा त्याचा काळ सरत आला होता, हे मला फार नंतर समजले.

गेली तीसेक वर्षे डबी कपाटात पडून होती. आमच्याकडच्या पावसाळ्यातली ओल सर्वांना ठाऊक आहे. स्प्रिंगवर गंज चढला, वंगण सुकून मेणासारखे झाले आणि चावी भरताना ‘टक्’ असा आवाज होऊन बटण मोकळे फिरू लागले. शहरातील दोन दुकानांनी पाहण्याआधीच नकार दिला. शहापूरच्या घड्याळजींनी मात्र डोळ्याला भिंग लावून पाठीवरचे चार स्क्रू काढले आणि बराच वेळ काही न बोलता आत पाहत राहिले. मी घाई केल्यावर म्हणाले, “स्वल्प थांबा की ताई, आधी बघू द्या.” त्यांच्या बोलण्यात मराठी आणि कन्नड असे शेजारी नांदते, ते ऐकूनच मला धीर आला.

स्प्रिंग आतल्या टोकाशी, आसाच्या आकड्यात अडकते तिथेच तुटली होती. दुसरी स्प्रिंग बसवणे सोपे होते, परंतु ती जास्त ताकदीची निघाली तर तबकडी वेगाने फिरेल, असे त्यांनी समजावले. त्यांनी जुन्याच स्प्रिंगचे टोक ज्योतीवर तापवून मऊ केले आणि त्यात नवे भोक पाडले. धातूचे भाग व्हाइट पेट्रोलमध्ये धुतले. प्लास्टिकचे झाकण मात्र साबणाच्या पाण्यात, कारण पेट्रोलने ते तडकते. दात्यांना तेल लावले नाही, ते केवळ आसांच्या टोकांना सुईने टेकवले.

मला सर्वाधिक भावले ते यानंतरचे. खेळ चालू झाला, पण साफ झाल्यामुळे तबकडी पूर्वीपेक्षा जलद फिरत होती. त्यांनी विचारले, “आधी याचा वेग कसा होता हो?” अशा खेळात घड्याळासारखी केसाएवढी बारीक बॅलन्स स्प्रिंग नसते. दातेरी चाकावर डुलणारी एक छोटी पट्टी वेग आवरते आणि तिची बैठक जराशी बदलली तरी वेग बदलतो. मी आवाज ऐकत “अजून थोडा सावकाश” असे सांगत राहिले, ते चिमट्याने पट्टी हलवत राहिले. चौथ्या खेपेस ती कर्रर्र बरोबर त्या मे महिन्यातली उमटली आणि माझ्याने बोलवेना.

उणिवाही नोंदवते. चार दिवसांचा वायदा तीन आठवड्यांवर गेला आणि मध्ये निरोप नव्हता. पावती मिळत नाही. झाकणावरचे खोल ओरखडे ब्रासोने घासूनही पुरते गेले नाहीत. टोक कापल्याने स्प्रिंग थोडी आखूड झाली. लहानपणी आम्ही एका चावीत ऐंशीपर्यंत मोजत असू, आता सत्तरच्या आसपास तबकडी थांबते. साडेतीनशे रुपये मजुरी मात्र या कष्टांच्या मानाने कमीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गणपत गल्लीत गाड्यांवर हल्ली चावीची नवी खेळणी मिळतात. भाच्यासाठी मी एक घेतले. त्याची डबी स्क्रूने नव्हे तर डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेली आहे, त्यामुळे आत काही बिघडले तर फोडल्याशिवाय ती उघडणार नाही. ज्यांच्या घरी जुना, स्क्रूचा खेळ असेल त्यांनी तो टाकू नये. दुरुस्तीला नेताना सुटे छर्रेही सोबत न्यावेत. माझे दोन हरवले होते. घड्याळजींनी सायकलच्या फ्रीव्हीलमधले १/८ इंचाचे छर्रे काढून खळग्यात बसवून पाहिले आणि ते नेमके बसले. गेल्या रविवारी भाऊ पुण्याहून आला होता. त्याने चावी भरली, पाच छर्रे उडवले आणि तीन राखून ठेवले.