काका की पुतण्या? नेपोलियनचे चांदीचे ५ फ्रँक

एकच नाणं घ्यायचं असेल तर पहिल्या नेपोलियनचं (म्हणजे काकाचं) घ्यावं की तिसऱ्याचं (पुतण्याचं)? चांदीचं म्हणाल तर भांडणच नाही, दोन्ही २५ ग्राम, ९०० टंच (हजारात ९०० भाग चांदी), ३७ मिमी, कारण १८०३ च्या कायद्यानं १ फ्रँक म्हणजे ५ ग्राम चांदी असं ठरवलं ते पुतण्याच्या काळातही ५ फ्रँकपुरतं तसंच टिकलं.

पण काकाच्या नाण्यात गंमत जास्त आहे राव. पुढच्या बाजूला लिहिलंय ‘सम्राट नेपोलियन’ आणि उलटं करून बघा तर ‘फ्रेंच प्रजासत्ताक’!! १८०८ पर्यंत हे असंच चाललं, १८०९ पासून मागे ‘साम्राज्य’ आलं. सुरुवातीच्या नाण्यांवर तर साल पण फ्रेंच राज्यक्रांतीच्या नव्या कॅलेंडरचं, १२, १३ वगैरे.

पुतण्याचं दिसायला जास्त रेखीव, मागे झूल आणि मुकुटवालं राजचिन्ह. त्याची १८६७ ते ७० ची नाणी ढिगानं पाडलेली, त्यामुळे बजेट कमी असेल तर हेच बघा. त्याच्या आधी मात्र कॅलिफोर्नियाच्या सोन्यामुळे सोनं स्वस्त आणि चांदी महाग झालेली, मग फ्रान्सची चांदी बाहेर चालली, त्यातली बरीच आपल्याकडे आली, अमेरिकेच्या यादवी युद्धात मुंबईचा कापूस तेजीत होता ना. एका ५ फ्रँकमध्ये राणीछाप दोन रुपयांपेक्षा थोडी जास्तच चांदी. चांदी अशी बाहेर जाऊ नये म्हणून मग फ्रान्सनं छोटी नाणी ८३५ टंचावर आणली, मोठं तेवढं वाचलं.

मी काकाचंच घेईन, ते पण १८०८ च्या आतलं.