करडईचा मावा आणि शेवंतीचा मावा
परभणीकडच्या रानात करडईवर येणारा मावा (रस शोषणारी बारीक कीड) आणि अंगणातल्या शेवंतीवरचा मावा, दोन्ही काळपट. पण भिंगातून पाठीमागच्या दोन नळ्या बघा: करडईच्या माव्याच्या लांब, काळ्या, शेवंतीच्या माव्याच्या आखूड, जाडसर. शेवंतीचा मावा मूळचा पूर्व आशियातला, शेवंती सोडून फारसा कुठे जात नाही. करडईचा मात्र सूर्यफुलाच्या कुळातल्या बऱ्याच झाडांवर पोसतो.

मला धास्ती या करडईच्या माव्याचीच. पेरणी लांबली की कोवळे शेंडे माव्यानं भरतात, पानं चिकट होतात, त्यावर काळी बुरशी चढते. सुरुवात बहुधा बांधाकडून होते, म्हणून कडेची तासं (ओळी) आधी चाळा. मावा खाणारे ढालकिडे भरपूर दिसले तर फवारणीची घाई नको. कुंडीतल्या शेवंतीला पाण्याचा जोरदार फवारा बहुतेक वेळा पुरतो.