जिप्सी ‘बिल्ड’ला देणार असाल तर हे आधी वाचा

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, घेताना विकणारा फसवतो, असं सगळे सांगतात. मला विकणाऱ्याने अजिबात फसवलं नाही. विलेपार्ल्यातले एक निवृत्त गृहस्थ, त्यांची २००८ ची मारुती जिप्सी, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन), हार्ड टॉप. पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर पुन्हा पासिंग केलेली, ग्रीन टॅक्स भरलेला, आरसीवर कुठल्या बँकेचा बोजा नाही. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून दंड, विमा, ब्लॅकलिस्ट सगळं बघितलं. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, उमटलेला ठसा आरसीशी जुळवला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, गाडी माझ्या नावावर आली. इथपर्यंत व्यवहार स्वच्छ. फसवणूक झाली ती नंतर, ज्या गॅरेजला गाडी ‘तयार’ करायला, म्हणजे ‘बिल्ड’ला, दिली तिथे. तिथली पद्धत इतकी घोटवलेली आहे की माझ्या आधी आणि माझ्यानंतर ती किती जणांवर चालली असेल देव जाणे.

शेड मुंबईच्या वेशीवर, हायवेला लागून. बाहेर मोठाल्या टायरांच्या थार रांगेने उभ्या, भिंतीवर विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आणि लायटींचे खोके, दर आठवड्याला नवं रील. शेठ बोलायला गोड. मला ‘ताई’, माझ्या धाकट्या भावाला ‘भावा’. चहा आला, मोबाइलवर आधीच्या गाड्यांचे फोटो आले आणि मग एक लाख पंच्याऐंशी हजारांचं एस्टिमेट आलं: चेसिसचा गंज काढून सँडब्लास्टिंग आणि कोटिंग, लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं), नवे शॉक, एकतीस इंची टायर, पुढे विंचचा लोखंडी बंपर, क्लच आणि ‘४x४ सर्व्हिस’. लेटरहेड रंगीत, त्यावर बेडूक-टायरचा लोगो. जीएसटी नंबर मात्र कुठेच नाही. ॲडव्हान्स यूपीआयने मागितला, तोही गॅरेजच्या नावावर नाही, भलत्याच कुणाच्या खात्यावर. विचारलं तर म्हणाले, ‘ताई, ते आपल्याच घरचं खातं आहे.’

एस्टिमेटच्या खाली एक ओळ होती: ‘गाडी खोलल्यावर जे निघेल ते वेगळं.’ सगळा धंदा या एका ओळीवर चालतो. गाडी एकदा खोलली की ती चालत नाही. सीट एका कोपऱ्यात, बंपर दुसऱ्या, पुढचे पाटे (स्प्रिंग) जमिनीवर, बोल्ट डब्यात. दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायची तर टोचन करूनही नेता येत नाही, कारण चाकंच नाहीत. मग रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर काहीतरी ‘निघायला’ लागतं. ब्रेकचे पाइप कुजलेत. किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळ्याचे, बेअरिंग गेलेत. रेडिएटर आतून सडलाय. प्रत्येकासोबत एक फोटो आणि एक आकडा. नाही म्हणालात तर उत्तर तयार असतं, ‘मग आमची जबाबदारी नाही, घाटात काही झालं तर बोलू नका.’ बाईमाणसाला हे वाक्य जरा जास्त ठासून ऐकवतात, हेही नोंदवून ठेवते.

यातलं सगळंच खोटं नव्हतं. बेअरिंग खरंच गेले होते. अशा लोकांचं कसब यातच असतं, चार खऱ्या दुखण्यांत एक खोटं मिसळायचं, आणि महाग तेच खोटं असायचं.

माझ्या बाबतीत ते होतं ट्रान्सफर केस. ज्यांना जिप्सीची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंजिनाची ताकद मागच्या आणि पुढच्या ॲक्सलला वाटणारा हा डबा बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या पाठीलाच जोडलेला असतो. जिप्सीत तो वेगळा, मधोमध, रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो आणि गिअरबॉक्समधून एक आखूड प्रोपेलर शाफ्ट त्याच्यापर्यंत येतो. दुरुस्तीला हे सोयीचं, कारण गिअरबॉक्स न उतरवता केस खाली काढता येतो. चोरीलाही तितकंच सोयीचं. मारुतीने २०१९ मध्ये जिप्सीचं सामान्य गिऱ्हाइकांसाठीचं बुकिंग थांबवलं, तेव्हापासून चांगल्या स्थितीतल्या जुन्या केसला शौकीन लोक मागतील तो भाव देतात.

एका संध्याकाळी फोटो आला. हिरवा प्लॅस्टिकचा टब, त्यात काळं ऑइल, ऑइलात पडलेला गिअर, त्याचे दोन दात तुटलेले. फोटोच्या कडेला कुणाच्या तरी निळ्या स्लिपरचा अंगठा. खाली मजकूर: ‘ताई, केस गेला. नशीब समजा रस्त्यात नाही गेला.’ चाळीस हजार वाढले. गाडी घेताना ट्रायलमध्ये फोर-लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर, टाकून पाहिलं होतं, आवाज नव्हता, लिव्हर जागेवर बसत होता. तसं म्हटल्यावर शेठ हसले, ‘वरून नाही कळत ताई, आतलं आम्हाला विचारा.’

अखेर बिल झालं तीन लाख दहा हजार. गाडी दिसायला झकास. पोरं सिग्नलला थांबून फोटो काढायची. चालवायला मात्र ती भीतिदायक झाली होती. ऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवरचं तेराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, कंपनीचे टायर २०५/७० आर १५ म्हणजे साधारण सव्वीस इंच उंचीचे. त्यांच्या जागी एकतीस इंची लावले आणि गिअरिंग होतं तेच ठेवलं. पाचवा गिअर नावापुरता उरला. टायरचा घेर अठरा टक्के वाढला, त्यामुळे काटा साठ दाखवायचा तेव्हा गाडी सत्तरच्या पुढे असायची. लिफ्ट म्हणून जे केलं होतं ते म्हणजे लोखंडी पट्टी कापून बनवलेले लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारे दुवे. जिप्सीत पुढचे शॅकल लांब केले की ॲक्सल पुढे कलतो, कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे असलेला कल, कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. हे बरोबर करायचं तर पाटे बदलतात, पाट्याखाली अँगल साधणाऱ्या पाचरी लावतात, ब्रेकच्या होस लांब घेतात. माझ्या पुढच्या ब्रेक होस जुन्याच होत्या. चाक खाली लोंबलं की सतारीच्या तारेसारख्या ताणल्या जायच्या.

कर्जतकडच्या एका साध्या मातीच्या चढावर फोर-लो टाकला. ॲक्सिलरेटर सोडला की लिव्हर खाडकन न्यूट्रलला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. चाळीस हजार देऊन दुरुस्त झालेला केस!

मी आधीच्या मालकांना फोन केला. त्यांनी कुर्ल्यातल्या त्यांच्या जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. सत्तरीचे काका, गाळ्यात एक खड्डा आणि एक पोरगा, रील नाही की फलक नाही. काका खड्ड्यात उतरले, टॉर्च मारला आणि पहिलंच बोलले, ‘हा केस आपला नाय.’ साहेबांच्या जिप्सीचा केस त्यांनी स्वतः काही वर्षांपूर्वी बांधला होता, आणि आपण बांधलेल्या प्रत्येक केसच्या हाउजिंगवर (बाहेरच्या कवचावर) ते पंचाने तीन ठिपके मारतात. इथे ठिपके नव्हते. शिवाय हाउजिंगच्या कानाला वेल्डिंग होतं. ॲल्युमिनियमवरचं, ओबडधोबड. माझ्या भावाने गाडी घ्यायच्या आधी खाली झोपून एक व्हिडिओ काढला होता. तो मोठा करून पाहिला तर तिन्ही ठिपके स्पष्ट दिसले.

मग काकांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मागच्या शॅकलच्या हँगरजवळ, चेसिसच्या काळ्याभोर कोटिंगवर टोक रेटलं. कोटिंगचा पापुद्रा सुटला. त्याच्या आतल्या बाजूला गंजाचा खपला तसाच चिकटलेला, आणि त्याखाली अजून एक. सँडब्लास्टिंग झालेलं लोखंड एकसारखं राखाडी, उघडं दिसतं, आणि त्यावर लगेच प्रायमर चढतो. इथे वायर ब्रशसुद्धा फिरला नव्हता. गंजावरच डांबरासारखा लेप. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून काढलेल्या गाडीला याने उलट नुकसान होतं, लेपाच्या आत ओल कोंडते आणि चेसिस आतून खात जाते. काकांनी हातोडीने चेसिसवर टकटक केली. समोर खणखणीत आवाज, मागे भद्द. ‘ह्यो आवाज ऐकून ठेव पोरी,’ म्हणाले. सँडब्लास्टिंगचे माझ्याकडून अठ्ठावीस हजार घेतले होते.

शेठकडे गेलो. पहिला पवित्रा: तुमचाच केस आहे. व्हिडिओ दाखवल्यावर दुसरा: हाउजिंग क्रॅक होतं म्हणून बदललं, बिलात आहे. बिलात फक्त ‘टी/सी रिपेअर’ असं लिहिलेलं. मग जुनं हाउजिंग कुठे? भंगारात गेलं. तिसरा पवित्रा आवाज चढवून: आधी गाडी ठेवायचे पार्किंगचे पैसे द्या, मग बोला. तिथे एक थार घेऊन आलेला मुलगा हे सगळं ऐकत होता. बाहेर येऊन त्याने आपला मोबाइल पुढे केला. हिरवा टब, दोन दात तुटलेला गिअर, निळी स्लिपर. त्याला हा फोटो ‘तुझ्या थारचा’ म्हणून आला होता.

पोलिस ठाण्यात पहिल्यांदा ‘ही दिवाणी बाब आहे’ असं ऐकवलं गेलं. हे बहुतेकांना ऐकवतात, म्हणून तिथून परत फिरू नका. कामाबद्दलची नाराजी दिवाणी असेल. विश्वासाने सोपवलेल्या गाडीतला चांगला भाग काढून घेणं ही वेगळी गोष्ट आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ फौजदारी विश्वासघाताचं आहे आणि ३१८ फसवणुकीचं. मी लेखी अर्ज दिला, व्हिडिओ आणि दोन्ही मोबाइलवरचे फोटो पेन ड्राइव्हवर जोडले, पोच घेतली. अर्जाची चौकशी सुरू झाल्यावर शेठचा सूर बदलला, ऐंशी हजार परत आले. ट्रान्सफर केस आला नाही. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची, आणि १९१५ या हेल्पलाइनवर पुढची दिशा कळते. तिथे माझी सगळ्यात लंगडी बाजू म्हणजे बिलच, त्यावर जीएसटी नंबर नाही आणि पैसे तिसऱ्याच नावावर गेलेले. यूपीआयचे व्यवहार आणि व्हॉट्सॲपचे मेसेज आहेत म्हणून काही उभं राहिलं.

त्या लोखंडी बंपरचंही सांगते, कारण ‘आरटीओचं आम्ही बघतो’ हे वाक्य सगळीकडे मिळतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठाम सांगितलं, आणि १८२ अ खाली प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकते, तीही मालकाला. बुल बारवर, म्हणजे अशाच पुढच्या लोखंडी बंपरवर, तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. काकांनी तो बंपर उतरवला, लांब शॅकल काढले, कंपनीच्या मापाचे टायर चढवले. नवशिक्याला जिप्सी तशीच पुरते. हजार किलोच्या आतबाहेरची गाडी, घट्ट बुश, चांगले शॉक आणि चालू फोर-लो एवढ्यावर सह्याद्रीतले बहुतेक कच्चे रस्ते निघतात. ट्रान्सफर केस मात्र मिळवायला फार वेळ गेला आणि मिळाला तो महागच.

सध्या कुणाची गाडी अशा शेडमध्ये खोललेली पडली असेल तर उद्याच जा. केस, गिअरबॉक्स, दोन्ही डिफरन्शियल, अल्टरनेटर, स्टार्टर यांच्यावरच्या खुणा आणि नंबर यांचे फोटो स्वतःच्या मोबाइलने काढा, शेठच्या मोबाइलवरचे घेऊ नका. काढलेला प्रत्येक जुना भाग पोत्यात भरून घरी आणा, भंगाराचे दोनशे रुपये त्याला देऊन टाका हवे तर. मूळ आरसी तिथे ठेवली असेल तर परत घ्या. आणि ज्यांना हिरव्या टबातल्या गिअरचा तो फोटो आला आहे, निळ्या स्लिपरसकट, त्यांनी तो डिलीट करू नये. आपापल्या पोलिस ठाण्यात लेखी अर्जासोबत जोडावा. माझ्या तक्रारीत असे दोन फोटो आहेत, तिसरा मिळाला तर आयोगापुढे तो योगायोग म्हणून खपणार नाही.