ब्लेड्स इन द डार्क: गोष्ट घडवणारे नियम

जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ (२०१७) या आरपीजीत (प्रत्येकानं एक पात्र होऊन खेळायच्या खेळात) खेळाडू एका गुन्हेगारी टोळीतले असतात. डॉस्कवोल शहरात सूर्य विझल्यात जमा आहे, भोवती विजेचं कुंपण आणि पलीकडे भुतं. शहर झकास आहे, पण पुस्तक घ्यावं ते नियमांसाठी. कुणीही आधी न ठरवलेली गोष्ट इथे तीन-चार तासांत उभी राहते आणि तिचा सगळा भार जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, प्रतिभेवर पडत नाही.

दरोड्याची आखणी करण्यात तासभर जाणं हे अशा खेळांचं जुनं दुखणं. इथे योजनेचे सहाच प्रकार आहेत. एक निवडायचा, त्याचा एक तपशील सांगायचा (लपूनछपून जायचं असेल तर आत शिरायची जागा) आणि सामान हलकं, मध्यम की जड एवढं ठरवायचं: अनुक्रमे ३, ५ किंवा ६ खुणा (सामानाच्या यादीत तेवढ्याच करता येतात). काय बरोबर घेतलंय ते आधी लिहायचं नाही. दोर लागला की तेव्हा खूण करायची. मग एंगेजमेंट रोल होतो (सुरुवात कशी झाली ते ठरवायला फासे टाकतात) आणि खेळ थेट पहिल्या अडचणीपाशी सुरू होतो. राहिलेली तयारी फ्लॅशबॅकमध्ये दाखवायची. ‘या पहारेकऱ्याला कालच पैसे चारलेत’ असं ऐन वेळी म्हणता येतं. त्याची किंमत स्ट्रेसमध्ये, म्हणजे पात्रावर चढणाऱ्या ताणाच्या गुणांत: साध्या गोष्टीला ० स्ट्रेस, खटपटीच्या गोष्टीला १, फार जुळवाजुळव लागणार असेल तर २ किंवा जास्त. जे घडून गेलंय ते मात्र फ्लॅशबॅकनं पुसता येत नाही.

सगळ्यात सुंदर भाग फासे टाकण्याआधीचा. समजा कुलूप उघडायचंय. कोणती क्रिया वापरायची ते खेळाडू ठरवतो: टिंकर (यंत्रांशी खटपट), त्यात पात्राचं कौशल्य २ ठिपके, म्हणजे सहा बाजूंचे २ फासे. धोका किती (पोझिशन) आणि फळ किती (इफेक्ट) हे जीएम उघडपणे सांगतो: गस्त जवळ आहे म्हणून रिस्की (मध्यम धोका), कुलूप भारी आहे म्हणून लिमिटेड (थोडंच फळ). इथून घासाघीस सुरू. खेळाडू उत्तम अवजारं काढून इफेक्ट वाढवू शकतो. २ स्ट्रेस देऊन एक फासा मिळतो. किंवा तेच डेव्हिल्स बार्गेन घेऊन, म्हणजे नक्की घडणारं एखादं लचांड कबूल करून. साथीदारानं १ स्ट्रेस दिला तर आणखी एक. सर्वांत मोठा आकडा बघायचा: ६ आला तर फत्ते, ४-५ आला तर काम होतं पण किंमत मोजून, १-३ आला तर अंगाशी येतं. दोन फाशांत हे प्रमाण साधारण ३१, ४४ आणि २५ टक्के पडतं. ‘झालं, पण...’ हा निकाल सर्वाधिक वेळा येतो आणि पुढचा प्रसंग त्या ‘पण’मधूनच निघतो.

ओढवलेला परिणाम खेळाडूला मान्य नसेल तर तो रेझिस्ट करतो, म्हणजे त्याविरुद्ध फासे टाकतो. परिणाम टळतो किंवा सौम्य होतो, हे पक्कं. अनिश्चित असते फक्त किंमत: ६ वजा सर्वांत मोठा फासा, इतका स्ट्रेस. स्ट्रेसची घरं ९. ती भरली की ट्रॉमा (मनावरचा कायमचा घाव), चार ट्रॉमा झाले की पात्र निवृत्त. स्ट्रेस उतरवायला दोन कामगिऱ्यांच्या मधल्या काळात व्यसनाकडे जावं लागतं, आणि अंगावर होता त्याहून जास्त उतरला तर अतिरेक झाला, नवी भानगड. शिवाय डेस्परेट (सर्वांत धोक्याच्या पोझिशनमधला) रोल केला की एक्सपी, म्हणजे पात्राच्या प्रगतीचा अनुभव-गुण, मिळतो. व्यसन किंवा ट्रॉमा आड आला तर सत्राअखेर आणखी. पात्रानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं इथे खेळाडूच्या फायद्याचं ठरतं.

खेळ बिघडतो तो बहुधा जीएमच्या भिडस्तपणामुळे. परिणाम मिळमिळीत दिले की रेझिस्ट करायची गरज पडत नाही, स्ट्रेस चढत नाही, व्यसनाकडे कुणी फिरकत नाही आणि मधला काळ नुसता हिशेब होऊन बसतो. म्हणून परिणाम सणसणीत द्यावेत. रेझिस्टची सोय त्यासाठीच आहे. उलट चूकही सर्रास होते: ४-५ आल्यावर ‘कुलूप उघडलं, पण लगेच अडकलं’. हे चुकीचं. उघडलं ते उघडलंच. किंमत गस्तीच्या क्लॉकमध्ये दोन घरं भरून घ्या. क्लॉक म्हणजे ४, ६ किंवा ८ भागांचं वर्तुळ, सगळ्यांना दिसेल असं काढलेलं. एका वेळी दोन-तीन पुरेत.

पुस्तकाची मांडणी मात्र त्रासदायक आहे. तीनशेहून अधिक पानांत एकच नियम दोन-तीन ठिकाणी शोधावा लागतो, आणि शहरातल्या इतर टोळ्यांची यादी पाहून नवा जीएम गांगरतो. पहिल्या सत्राला तीन टोळ्या घ्या, बाकी झाकून ठेवा. जीएम धरून चार-पाच जण उत्तम. त्याहून जास्त झाले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे रोल कमी होतात आणि स्ट्रेसचा दाब ढिला पडतो.

शीट्स (पात्राची आणि टोळीची माहिती भरायचे कागद) इंग्रजीत आहेत, पण त्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि नियमांचा एसआरडी (मूळ नियमांचा संदर्भ-दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन परवान्याखाली खुला आहे. श्रेय देऊन त्याचं मराठी शीट बनवायला काहीच आडकाठी नाही. आधी शीट्स आणि एसआरडीवर एक कामगिरी खेळून पाहा, पुस्तकाचे पैसे नंतर.