स्पॉट सर्व्हर घ्यायचा तर कोणाचा?

क्लाउड कंपन्यांकडे (म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांकडे) रिकामे पडलेले सर्व्हर स्वस्तात मिळतात, पण कंपनीला गरज लागली की ते काढून घेतले जातात. यांनाच स्पॉट सर्व्हर म्हणतात. रिझर्व्हेशनच्या डब्यात रिकाम्या बाकावर टेकावं, ज्याचं रिझर्व्हेशन आहे तो आला की उठावं, तसं. सवलत ॲमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही मोठ्या कंपन्यांकडे ९० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते, म्हणून जाहिरातीतल्या आकड्यावर निवड करू नका.

ॲमेझॉनने हा बाजार डिसेंबर २००९मध्ये मांडला तेव्हा तो बोलीवर चालायचा. भाव तुमच्या बोलीच्या वर गेला की सर्व्हर गेला. तो जाऊ नये म्हणून लोक अवाच्या सवा बोली लावून ठेवायचे, आणि मग भाव कधी कधी नेहमीच्या दरालाही मागे टाकायचा. (इस्रायलच्या टेक्निऑन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये जुने भाव तपासले, तेव्हा त्यांतले बरेचसे खऱ्या लिलावातून ठरल्यासारखे वाटेनात!) २०१७च्या अखेरीस बोलीची पद्धत गेली आणि भाव हळूहळू सरकू लागला. हिशेब सोपा झाला खरा, पण पूर्वी टंचाई चढत्या भावात दिसायची. आता भाव जवळपास जागच्या जागी असतो आणि सर्व्हर जातो. त्यामुळे ॲमेझॉनकडे भावाआधी, तुम्हाला हव्या त्या प्रकारचे सर्व्हर गेल्या महिन्यात किती वेळा परत घेतले गेले ते बघा. ही माहिती कंपनीच देते.

गूगलने २०१५मध्ये ठरलेल्या दराने सुरुवात केली, पण २४ तासांत सर्व्हर बंद व्हायचाच. आताच्या स्पॉटला ही अट नाही. दर बदलतो, तरी बहुतेक प्रकारच्या सर्व्हरवर सवलत ६० टक्क्यांच्या खाली जात नाही. महिन्याचं बजेट आधी मंजूर करून घ्यावं लागत असेल तर मला हाच बरा वाटतो.

मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये कमाल भाव ठरवता येतो, किंवा 'उणे एक' लिहून भावामुळे सर्व्हर जाणार नाही अशी सोय करता येते. जागा कमी पडली तर तो जातोच. सर्व्हर न पुसता नुसता थांबवला तर डिस्कचं भाडं चालू राहतं, हे बिल आल्यावर कळतं.

माझ्या मते खरा फरक सर्व्हर काढून घेण्याआधी मिळणाऱ्या सूचनेच्या वेळेत आहे: ॲमेझॉन दोन मिनिटं देतं, बाकीचे दोघे जेमतेम ३० सेकंद. अर्धवट काम साठवायला मिनिटभर लागत असेल तर ॲमेझॉन घ्या. डेटाबेस मात्र तिघांकडेही स्पॉटवर ठेवू नका. आणि जीपीयू (एआय, ग्राफिक्ससारख्या जड कामांची चिप) हवा असेल तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. तो मिळेल तिथे घ्यावा लागतो.